दोन शहरांमधलं अंतर आणि विमानाचा वेळ कसा काढायचा

लंडन ते न्यूयॉर्क अंतर किती, हे चार ठिकाणी शोधून पाहा. एकीकडे ५,५४० दिसेल, दुसरीकडे ५,५५४, तिसरीकडे ३,४५१ आणि चौथीकडे २,९९९. चारही आकडे बरोबर आहेत. पहिले दोन किलोमीटरमधले, तिसरा साध्या मैलांतला, चौथा सागरी मैलांतला. पहिल्या दोघांत जो १४ किलोमीटरचा फरक आहे, तो पृथ्वीला कुणी पूर्ण गोल धरलं आणि कुणी ध्रुवांशी किंचित चपटी धरलं एवढ्यामुळे. वेळेचा घोळ याहून मोठा. विमान न्यूयॉर्कला जाताना साधारण आठ तास घेतं आणि परत येताना सात. पण तिकिटावरच्या वेळा वजा केल्या, तर जाताना तीन तास आणि येताना बारा तास लागल्यासारखं दिसतं.

या सगळ्याचं मूळ एकच. ‘किती लांब’ या एका प्रश्नात चार वेगळे हिशेब मिसळलेले असतात: दोन बिंदूंमधलं सरळ अंतर, विमान प्रत्यक्षात घेतं तो मार्ग, त्या मार्गावर लागणारा वेळ आणि घड्याळात दिसणारा फरक. ते एकेक करून, याच क्रमाने सोडवले तर काहीच अवघड नाही. शाळेतलं त्रिकोणमितीचं पान अंधुक आठवत असलं तरी पुरे.

आधी बिंदू पक्के करा

शहर म्हणजे बिंदू नव्हे. ‘टोकियो’ म्हटलं की नकाशा शहराचा मध्य धरतो, पण तुमचं विमान हानेदाला उतरणार की नारिताला? हानेदा शहराला लागून आहे, नारिता शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटर पूर्वेला. हवेतल्या अंतरात साठ किलोमीटर म्हणजे चार मिनिटं, पण जमिनीवर तोच फरक तासाभराचा. लंडनच्या नावावर तर अर्धा डझन विमानतळ आहेत. म्हणून शहराचं नाव सोडा आणि तिकिटावर छापलेला तीन अक्षरी कोड धरा: हीथ्रोचा एलएचआर, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाचा जेएफके.

कोड धरण्याचं दुसरं कारण म्हणजे एकाच नावाची गावं. सिडनी जसं ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियातही आहे. एकाचा कोड एसवायडी, दुसऱ्याचा वायक्यूवाय. ऑस्ट्रेलियाला निघून कॅनडात उतरलेले प्रवासी खरोखर होऊन गेले आहेत. सान होजे कॅलिफोर्नियातही आहे आणि कोस्टा रिकाची राजधानीही. अंतर मोजणाऱ्या साधनाला तुमच्या मनातलं सान होजे कळत नाही. ते यादीत जे पहिलं सापडेल ते घेतं.

मग त्या विमानतळाचे अक्षांश-रेखांश घ्या, तेही दशांश अंशांत. हीथ्रो: अक्षांश ५१.४७, रेखांश उणे ०.४५४. जेएफके: अक्षांश ४०.६४, रेखांश उणे ७३.७७८. उत्तर आणि पूर्व अधिक, दक्षिण आणि पश्चिम उणे. इथे तीन चुका हमखास होतात.

पहिली, अंश-कलांचं दशांशात रूपांतर न करता आकडे तसेच लिहिणं. ५१ अंश २८ कला म्हणजे ५१.२८ नव्हे. २८ ला ६० ने भागायचं, म्हणजे ५१.४७ येतं. हा फरक वीस किलोमीटरहून जास्त आहे. दुसरी, उणे चिन्ह विसरणं. जेएफकेच्या रेखांशाचं उणे चिन्ह गाळलंत तर तो विमानतळ किर्गिझस्तानातल्या डोंगरांत जाऊन पडतो. तिसरी, क्रम. माणसं आधी अक्षांश सांगतात, पण काही सॉफ्टवेअर आधी रेखांश मागतात. आकडे भरल्यावर दोन्ही बिंदू एकदा नकाशावर टाकून बघायचे. एवढं केलं की पुढची निम्मी डोकेदुखी टळते.

सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका

भिंतीवरचा जगाचा नकाशा बहुतेक वेळा मर्केटर पद्धतीचा असतो. ती पद्धत १५६९ सालची, दर्यावर्दींच्या सोयीची. त्या नकाशावर पट्टीने ओढलेली रेघ म्हणजे होकायंत्राचा काटा एकाच कोनावर ठेवून जाण्याचा मार्ग. सुकाणू धरणाऱ्याला हे सोपं, पण हा मार्ग सर्वांत जवळचा नसतो.

सर्वांत जवळचा मार्ग बृहद्वृत्तावरून जातो. पृथ्वीच्या केंद्रातून आणि तुमच्या दोन बिंदूंतून एक प्रतल कापत नेलं, तर पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटेल ते बृहद्वृत्त. गोलावर दोन ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरला की तो आपोआप याच वर्तुळावर बसतो.

याची सवय व्हायला बीजिंग आणि न्यूयॉर्कची जोडी घ्या. दोन्ही जवळपास चाळीस उत्तर अक्षांशावर. सपाट नकाशावर बघाल तर सरळ आडवं जावं असं वाटतं. चाळिसाव्या अक्षांशाला धरून गेलात तर अंतर होतं सुमारे १४,४०० किलोमीटर. बृहद्वृत्ताने तेच ११,००० किलोमीटर, आणि हा रस्ता उत्तर ध्रुवाच्या अगदी जवळून जातो. तीन हजारांहून जास्त किलोमीटर वाचतात, म्हणजे विमानाचे साडेतीन तासांहून जास्त.

माद्रिद आणि न्यूयॉर्कही साधारण एकाच अक्षांशावर आहेत, पण एकमेकांच्या जास्त जवळ. तिथे फायदा १७० किलोमीटरच्या आसपासच. तरी सर्वांत जवळचा मार्ग मध्यावर ४६ उत्तर अक्षांशापर्यंत वर चढतो. दक्षिण गोलार्धात हेच उलट, तिथे वाक दक्षिणेकडे पडतो. सिडनी ते चिलीतलं सांतियागो, दोन्ही साधारण ३३-३४ दक्षिण अक्षांशावर, पण त्यांच्यातला सर्वांत जवळचा मार्ग अंटार्क्टिकाच्या दिशेने साठ अंशांच्या पलीकडे जातो. विमानातल्या पडद्यावर आपलं विमान ‘वाकडं’ जाताना दिसतं ते यामुळे. विमान जवळच्याच वाटेने चाललेलं असतं, वाकडा नकाशा असतो.

घरात पृथ्वीगोल असेल तर दोऱ्याचा प्रयोग करूनच पाहा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलाचा घेर साधारण ९४ सेंटीमीटर आणि पृथ्वीचा परीघ साधारण ४०,००० किलोमीटर, म्हणजे दोऱ्याचा एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. बीजिंग-न्यूयॉर्कला २६ सेंटीमीटरच्या आसपास दोरा लागतो. दोरा ताणलेला हवा, आणि गोलाच्या उंचसखल डोंगरांवर अडकलेला नको. नीट केलं तर चूक शंभर-दोनशे किलोमीटरच्या आत राहते. हिशेबाला हात घालण्याआधी हा अंदाज कागदावर लिहून ठेवा, पुढे चूक पकडायला तोच कामाला येतो.

आता हिशेब

पृथ्वी पूर्ण गोल आहे असं धरून त्रिज्या घेतात ६,३७१ किलोमीटर. त्यावरून बृहद्वृत्ताचा एक अंश म्हणजे १११.२ किलोमीटर. दोन शहरांमध्ये किती अंशांचा कोन आहे हे कळलं की काम झालं.

तो कोन असा काढायचा. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा. मग दोन्ही अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार करून त्याला रेखांशांतल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. या दोन्हींची बेरीज म्हणजे हव्या असलेल्या कोनाचा कोसाइन. त्यावरून उलट जाऊन कोन काढायचा.

हीथ्रो-जेएफके करून पाहू. ५१.४७ चा साइन ०.७८२३, ४०.६४ चा साइन ०.६५१३, गुणाकार ०.५०९५. कोसाइन ०.६२२९ आणि ०.७५८८, गुणाकार ०.४७२७. रेखांशांतला फरक ७३.३२४ अंश, त्याचा कोसाइन ०.२८७०. ०.४७२७ गुणिले ०.२८७० म्हणजे ०.१३५७. बेरीज ०.६४५२. ज्या कोनाचा कोसाइन एवढा, तो कोन ४९.८२ अंश. गुणिले १११.२, उत्तर ५,५४० किलोमीटर. सुरुवातीच्या चार आकड्यांपैकी पहिला हाच.

स्प्रेडशीटमध्ये करणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. तिथलं साइन-कोसाइनचं सूत्र अंश ओळखत नाही, त्याला रेडियन लागतात. अंश तसेच भरलेत तरी एरर येत नाही. उत्तर येतं, दिसायलाही बरं असतं, आणि सपशेल चुकीचं असतं. म्हणून प्रत्येक अंशाला आधी पाय (π) या संख्येने गुणून १८० ने भागा.

अनेक ठिकाणी ‘हॅव्हरसाइन’ नावाचं सूत्र दिसेल. दोन बिंदू अगदी जवळ असताना वरच्या सूत्रात दशांशांच्या काटछाटीने गडबड होते, ती यात होत नाही. हजारो किलोमीटरसाठी दोघांचं उत्तर एकच.

मग ५,५५४ कुठून आले? पृथ्वी विषुववृत्ताशी थोडी फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ६,३७८ किलोमीटर, ध्रुवाकडची ६,३५७. हे ध्यानात घेऊन हिशेब करणारी पद्धत व्हिन्सेंटी यांनी १९७५ मध्ये मांडली आणि तिची अचूकता मिलिमीटरच्या घरातली आहे. फक्त पृथ्वीच्या जवळजवळ विरुद्ध टोकांवरच्या दोन बिंदूंसाठी ती कधीकधी उत्तरच देत नाही. ती अडचण कार्नी यांच्या २०१३ मधल्या पद्धतीने सुटली. माझं मत विचाराल तर प्रवासाच्या नियोजनासाठी साधा गोल पुष्कळ झाला. त्याची चूक अर्ध्या टक्क्याच्या आसपास राहते, आणि विमान ठरलेल्या वाटेवरून त्याहून कितीतरी जास्त हलतं.

एककांचं मात्र नीट बघा. विमानं आणि जहाजं सागरी मैलात बोलतात. एक सागरी मैल म्हणजे नेमके १,८५२ मीटर, १९२९ साली मोनॅकोच्या परिषदेत ठरलेले. त्यामागची कल्पना अशी की अक्षांशाची एक कला म्हणजे एक सागरी मैल. म्हणजे वर काढलेल्या कोनाला थेट ६० ने गुणलं की सागरी मैल मिळतात: ४९.८२ गुणिले ६०, जवळपास २,९९०. वेगासाठी ‘नॉट’ म्हणजे ताशी एक सागरी मैल. साधा मैल वेगळा, तो १.६०९ किलोमीटरचा. काही विमान कंपन्यांचे पॉइंट साध्या मैलांवर मोजले जातात, आणि पॉइंटचा हिशेब जुळत नाही अशा तक्रारींत बरेचदा मैलांचीच गल्लत असते.

उत्तर आलं की दोन गोष्टी तपासा. जगातल्या कुठल्याही दोन ठिकाणांमधलं बृहद्वृत्तीय अंतर साधारण २०,००० किलोमीटरच्या वर जाऊ शकत नाही, कारण तोच पृथ्वीचा अर्धा घेर. त्याहून मोठा आकडा आला तर कुठेतरी चिन्ह नाहीतर रेडियन चुकले. आणि तो दोऱ्याचा आकडा आठवा. दोन्ही जवळपास असायला हवेत.

हे सगळं हाताने करायचं नसेल तर ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन कोड टाका, किंवा गुगल अर्थमध्ये मोजपट्टी ओढा. पण एकदा तरी हाताने करा, मग साधनाने दिलेला आकडा डोळे झाकून घेतला जात नाही.

विमान खरंच त्या रेषेवरून जातं का

थोडंफार. बृहद्वृत्तीय अंतर हा किमान आकडा आहे. खरा मार्ग त्याहून दोन-पाच टक्के लांब धरावा, आणि कधी त्याहून खूपच जास्त.

विमानतळावरून वर चढताना आणि उतरताना ठरावीक वाटा असतात, धावपट्टीची दिशा वाऱ्यावर ठरते, वाटेत वादळी ढग असतात. उत्तर अटलांटिकवर तर रोज नव्याने समांतर मार्ग आखले जातात, कारण समुद्राच्या मध्यावर रडार नसायचं आणि विमानं ठरावीक अंतराने जाणं गरजेचं होतं. ते मार्ग त्या दिवशीच्या वाऱ्यांवरून ठरतात. म्हणून सोमवारचं आणि मंगळवारचं तेच विमान शेकडो किलोमीटर वेगळ्या वाटेने जाऊ शकतं.

दोन इंजिनांच्या विमानांना आणखी एक अट असते. एक इंजिन बंद पडलं तर ठरावीक मिनिटांत गाठता येईल असा विमानतळ वाटेच्या आसपास हवा. पूर्वी यामुळे महासागरांवर मोठे वळसे पडत. आता काही नव्या विमानांना पाच-सहा तासांपर्यंतची मुभा आहे, त्यामुळे ही अडचण बरीच कमी झाली. तिबेटच्या पठारावरून जाणंही बहुतेक टाळतात. खाली जमीनच इतकी उंच की केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पुरेसं खाली उतरता येत नाही.

सर्वांत मोठा वळसा मात्र राजकारणाचा. हेलसिंकी ते टोकियो अंतर सुमारे ७,८०० किलोमीटर, आणि सर्वांत जवळची वाट रशियावरून. शीतयुद्धात सोव्हिएत आकाश बहुतेकांना बंद होतं, तेव्हा युरोप-टोकियो विमानं अलास्कातल्या अँकरेजला थांबून जात. १९८३ मध्ये फिनएअरने उत्तर ध्रुवावरून थेट हेलसिंकी-टोकियो उड्डाण सुरू केलं. पुढे रशियाचं आकाश उघडलं आणि हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास आला. फेब्रुवारी २०२२ नंतर ते युरोपीय कंपन्यांना पुन्हा बंद झालं आणि त्याच प्रवासाला तेराएक तास लागू लागले. दोन शहरांमधलं अंतर एका मीटरनेही बदललेलं नाही. नुसतं अंतर बघून वेळ सांगणारी साधनं अशा मार्गांवर सरळ चुकतात, आणि ती चुकली आहेत हे ती सांगत नाहीत.

वेग आणि वारा

मोठी लांब पल्ल्याची विमानं माख ०.८५ च्या आसपास उडतात, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या ८५ टक्के. अकरा किलोमीटर उंचीवर हवा उणे पन्नास अंशांच्याही खाली असते आणि तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६० किलोमीटरच्या जवळपास. म्हणजे विमानाचा वेग ताशी सुमारे ९००. छोट्या पल्ल्याची एकाच मार्गिकेची विमानं माख ०.७८ च्या आसपास, ताशी ८३० च्या घरात.

हा वेग हवेच्या सापेक्ष आहे. हवा स्वतः वाहत असते. नदीतली होडी प्रवाहाबरोबर झपाट्याने जाते आणि प्रवाहाविरुद्ध रखडते, वल्ही तेवढीच मारली तरी. विमानाचं तसंच आहे. मध्य अक्षांशांवर नेमक्या विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात ते जास्त जोरात असतात, कधी ताशी ३०० किलोमीटरच्या वर.

लंडन-न्यूयॉर्कवर हे घालून पाहू. ५,५५४ वर तीन टक्के वळसा, म्हणजे ५,७२०. वारा नसता तर ९०० ने भागून ६ तास २१ मिनिटं. पश्चिमेला जाताना सरासरी १०० चा समोरचा वारा धरला तर वेग ८०० आणि वेळ ७ तास ९ मिनिटं. परतताना तोच वारा मागून, वेग १,००० आणि वेळ ५ तास ४३ मिनिटं. गंमत बघा: जाऊन-येऊन बेरीज १२ तास ५२ मिनिटं होते, वारा नसताना ती १२ तास ४२ मिनिटं झाली असती. वारा जाताना जेवढा वेळ खातो तेवढा येताना परत देत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

वारा अंगात आल्यावर काय होतं त्याचं उदाहरण फेब्रुवारी २०२० मधलं. ब्रिटिश एअरवेजचं एक बोइंग ७४७ किआरा वादळाच्या वेळी न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचलं. जमिनीसापेक्ष त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता. तरी ते ध्वनीपेक्षा वेगाने उडत नव्हतं, भोवतालची हवाच त्याच्यासह धावत होती. खरोखर ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या काँकॉर्डने हाच प्रवास ७ फेब्रुवारी १९९६ रोजी २ तास ५३ मिनिटांत केला होता.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो: पृथ्वी पूर्वेकडे फिरते, मग पश्चिमेला जाणाऱ्या विमानाखालून ती सरकून त्याचा प्रवास कमी व्हायला हवा ना? नाही. हवा पृथ्वीबरोबरच फिरते आणि धावपट्टीवरून उठणारं विमानही तो वेग घेऊनच उठतं. फरक पाडतो तो वारा. उत्तर-दक्षिण मार्गांवर जाता-येतानाच्या वेळात फारसा फरक दिसत नाही, त्याचं कारणही हेच.

कुठला वेळ?

वर काढलेला वेळ सरळ वेगाने उडण्याचा. वर चढताना आणि खाली उतरताना विमान हळू असतं, त्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवा. गेटपासून धावपट्टीपर्यंत आणि परत गेटपर्यंत जमिनीवरचं रांगणं, गर्दीच्या विमानतळांवर दोन्हीकडचं मिळून वीस-तीस मिनिटं. आपल्या उदाहरणात चाळीस मिनिटं धरली तर जाताना ७ तास ५० मिनिटं आणि येताना ६ तास २५ मिनिटं.

वेळापत्रकात छापलेला असतो तो ब्लॉक टाइम: गेट सोडल्यापासून पलीकडच्या गेटला लागेपर्यंतचा. कंपन्या त्यात थोडा जास्तीचा वेळ घालून ठेवतात, म्हणजे उशिरा सुटूनही विमान ‘वेळेवर’ पोहोचतं. म्हणून न्यूयॉर्कहून लंडनला सात तास छापलेले असले तरी वैमानिक सहा-सव्वासहा तासांत पोहोचू असं सांगतो. दोघंही खरं बोलत असतात. वैमानिक चाकं जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतचा वेळ सांगतो.

घाईत असाल तर एवढं करा: बृहद्वृत्तीय अंतराला ८५० ने भागा आणि अर्धा-पाऊण तास मिळवा. लांब पूर्व-पश्चिम मार्ग असेल तर पूर्वेकडे जाताना थोडा कमी, पश्चिमेकडे थोडा जास्त. तीनएक हजार किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला वाऱ्याचा विचार नाही केला तरी चालतं.

घड्याळाचा हिशेब

इथे स्थानिक वेळा एकमेकांतून वजा करण्याचा मोह आवरा. दोन्ही वेळा आधी जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीत आणा, मग वजाबाकी करा.

जुलैमध्ये लंडन यूटीसीच्या एक तास पुढे आणि न्यूयॉर्क चार तास मागे असतं. लंडनहून सकाळी १० ला निघालं, म्हणजे यूटीसी ९. न्यूयॉर्कला दुपारी १ ला पोहोचलं, म्हणजे यूटीसी १७. झाले आठ तास. परतताना न्यूयॉर्कहून संध्याकाळी ६.३०, यूटीसी २२.३०. लंडनला दुसऱ्या दिवशी सकाळी ६.३०, यूटीसी ५.३०. सात तास. सुरुवातीला दिसलेले तीन आणि बारा तास असे जागेवर बसतात.

तारीखरेषा ओलांडली तरी पद्धत बदलत नाही. टोकियो यूटीसीच्या नऊ तास पुढे. तिथून संध्याकाळी ५ ला निघालात, यूटीसी ८. दहा तासांनी यूटीसी १८. लॉस एंजेलिस उन्हाळ्यात सात तास मागे, म्हणजे तिथे त्याच तारखेचे सकाळचे ११. निघालात त्याच्या सहा तास ‘आधी’ पोहोचलात. उलट दिशेने येताना एक तारीख गळाल्यासारखी होते. तिकिटावर पोहोचण्याच्या वेळेशेजारी छोटा ‘+१’ असतो, जुळणी करताना तो नजरेतून सुटू देऊ नका. काही ठिकाणी ‘+२’ असतो.

खरा सापळा उन्हाळी वेळेचा. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे लंडन-न्यूयॉर्कमधला फरक पाचऐवजी चारच तासांचा असतो. युरोपात ते ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, म्हणजे तेव्हाही एक आठवडा तसाच. जपान घड्याळ हलवत नाही. दक्षिण गोलार्धात जिथे हलवतात तिथे महिने उलटे. आणि सगळे फरक पूर्ण तासांचे नसतात: भारत साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा. त्यामुळे ‘फरक किती’ हे पाठ करून ठेवू नका, प्रवासाच्या तारखेला तो किती आहे ते बघा.

मध्ये थांबा असेल तर

प्रत्येक टप्प्याचं अंतर वेगळं काढून बेरीज करा. लंडन-सिडनी थेट सुमारे १७,०२० किलोमीटर. सिंगापूरमार्गे १७,२०० च्या जवळपास, म्हणजे जवळपास वाटेतच. दुबईमार्गे साडेसतरा हजारांच्या आसपास. लॉस एंजेलिसमार्गे २०,८०० च्या पुढे. वाट किती वाकडी आहे हे या बेरजेत लगेच कळतं. पण थांब्याचे तास बहुतेक वेळा अंतराच्या फरकाहून भारी पडतात. सिंगापूरमार्गे सहा तास ताटकळणं आणि दुबईमार्गे दोन तास, यांत दुबईचा प्रवास लवकर संपतो. शिवाय प्रत्येक थांब्याला चढणं, उतरणं आणि रांगणं पुन्हा होतं, ते चाळीस मिनिटांचं खातं दर टप्प्याला वेगळं मांडायचं.

पडताळणी

आपला आकडा हातात आला की फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअर या विमानांचा माग दाखवणाऱ्या संकेतस्थळावर त्याच क्रमांकाच्या विमानाची गेल्या काही दिवसांची उड्डाणं उघडा. दिशा तीच हवी, आणि जमलं तर ऋतूही तोच. तिथे छापील वेळ आणि प्रत्यक्ष वेळ वेगळे दिलेले असतात. प्रत्यक्ष वेळ काही वेळा उड्डाण ते उतरणं असा असतो, गेट ते गेट नव्हे, म्हणून त्या रकान्याचं नाव वाचल्याशिवाय तुलना करू नका. सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दोन्ही आकडे बाजूला ठेवून मधले धरा. तुमचा अंदाज त्यांच्यापासून अर्ध्या तासाहून जास्त लांब असेल तर आधी नकाशावरची उमटलेली वाट बघा. नव्वद टक्के वेळा उत्तर तिथेच असतं: एखादा मोठा वळसा, जो तुम्ही धरलेला नव्हता. वाट सरळ असेल तर वारा तपासा, आणि तोही नेहमीसारखा असेल तर उणे चिन्हाकडे परत जा.